कुस्तीचा नियम कुठल्या पानावर?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारा कोल्हापुरातला, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. सहा मित्रांचा गट, डीएम म्हणजे खेळ चालवणारा हाच, आणि हातात सेकंडहँड मिळालेलं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाचं, २०१४ चं प्लेअर्स हँडबुक. दर अर्ध्या तासाला कुणाला तरी नियम हवा असतो, पानं उलटणं सुरू होतं, दोघं मोबाईल काढतात आणि तिसरा रील बघत बसतो. खेळताना झटकन सापडेल असं नियमपुस्तक कोणतं, आणि विकत घेण्याआधी ते कसं ओळखायचं?

माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. अठरा वर्षं मी हे खेळ चालवतोय, आणि पोटासाठी त्याहून जुना धंदा म्हणजे डीटीपी. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून एखादं पुस्तक. त्यामुळे नियमपुस्तक हातात आलं की मी आधी नियम वाचत नाही. शेवटची सूची उघडतो, पानाच्या डोक्यावर काय छापलंय ते बघतो, मग पुस्तक टेबलावर उघडं ठेवून ते आपोआप मिटतंय का ते बघतो. गटातली पोरं हसतात.

तुझ्या पुस्तकाचं दुखणं सांगतो. ते पोथीसारखं लावलेलं आहे आणि तुला खेळताना पंचांग हवंय. आपल्या घरात दोन्ही असतात. पोथी पहिल्या अध्यायापासून, क्रमानं वाचायची. मधलाच अध्याय उघडला तर संदर्भ लागत नाही. पंचांग पहिल्या पानापासून वाचणारा माणूस मी अजून पाहिला नाही. संकष्टीला आई चष्मा लावते, थेट आजच्या ओळीवर जाते, चंद्रोदय बघते आणि पंचांग पुन्हा फळीवर ठेवते. अर्ध्या मिनिटाचं काम. नियमपुस्तकाला ही दोन्ही कामं करावी लागतात. पोथीचं काम एकदाच असतं, फार तर दोनदा. पंचांगाचं काम पुढची तीन वर्षं दर रविवारी. तरी बहुतेक पुस्तकं लावलेली असतात पहिल्या वाचनासाठी, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात नवा वाचक असतो. चहाचा कप सांभाळत एका हातानं पानं उलटणारा डीएम त्याला दिसत नाही.

आता कुस्ती. खासबागेचं मैदान ज्या गावात आहे तिथली पोरं गॉब्लिन दिसला की तलवार काढत नाहीत, "धरतो त्याला" म्हणतात. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा शोधला गेलेला नियम ग्रॅपलचा, म्हणजे समोरच्याला धरून ठेवण्याचा आहे, त्यामुळे कुठल्याही पुस्तकाची परीक्षा मी त्याच नियमावर घेतो.

जुन्यापासून बघू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ चा. नंतरच्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीची पुस्तकं तीन वर्षांत तीन आली: १९७७ ला राक्षसांचं, १९७८ ला खेळाडूंचं, १९७९ ला डीएमचं. वार बसला की नाही हे सांगणारे तक्ते खेळाडूच्या पुस्तकात नाहीतच, ते डीएमच्या पुस्तकात. कुस्तीही तिथेच, ठोसेबाजी, पकड आणि अंगावर जाऊन पाडणं अशा तीन प्रकारांत, टक्केवारीच्या हिशेबासकट. माहितीची खाण आहे ते पुस्तक. मला ते मनापासून आवडतं, पण त्यात काही शोधणं म्हणजे जुन्या वाड्याच्या माळ्यावर चढणं. हवी ती वस्तू सोडून दुसऱ्याच चार सापडतात. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत उलटा प्रकार. नियम एका जागी होता, पण एवढा लांब की सापडूनही उपयोग नव्हता. आधी समोरच्याला फुकटचा वार, मग स्पर्श झाला का ते बघा, मग दोघांचे फासे, मग त्याच्या चौकटीत शिरा. एवढ्यात समोरचा पोरगा पाणी पिऊन येतो.

तुझ्याकडच्या २०१४ च्या पुस्तकात हा नियम सुटसुटीत आहे, पण वाटून ठेवलेला. पकडायचं कसं ते पान १९५ वर. पकडल्यावर समोरच्याचं काय होतं ते शेवटच्या परिशिष्टात, पान २९० वर. दोघांच्या फाशांची टक्कर कशी मोजायची ते मागे, पान १७४ वर. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे बरोबर वाटतं, कारण १७४ त्यानं आधी वाचलेलं असतं आणि परिशिष्ट पुढे येणारच असतं. टेबलावर मात्र तीन बोटं तीन पानांत अडकवून बसावं लागतं.

लपण्याचं तर विचारूच नकोस. लपणं म्हणजे काय ती चौकट १७७ वर, अंधार आणि धुकं १८३ वर, लढाईत लपायची कृती १९२ वर, न दिसणाऱ्यानं वार केला तर काय ते १९४ वर, आणि अदृश्य असण्याचे परिणाम २९१ वर. एका प्रश्नाला पाच पानं, तीही चार वेगवेगळ्या भागांत. आमच्या गटात एक चोर होता, म्हणजे पात्र चोराचं होतं, माणूस बँकेत आहे. तो दर सेशनला लपायचा आणि दर सेशनला आमचं भांडण व्हायचं. नियम अवघड होता असं नाही, पण प्रत्येकानं त्या पाचांतलं वेगळं पान वाचलेलं होतं. सगळेच बरोबर होते, म्हणून भांडण मिटत नव्हतं.

२०२४ च्या नव्या हँडबुकात हेच ओळखून त्यांनी मांडणी बदलली. खेळायचं कसं हे पहिल्याच प्रकरणात आणलं आणि पुस्तकाच्या शेवटी नियमांचा कोशच दिला, अक्षरक्रमानं. लपणं शोधायचं तर तिथे जायचं. एका नोंदीत कळतं की फाशाची बेरीज किमान पंधरा व्हायला हवी आणि जमलं की तुला अदृश्य असल्याचे फायदे मिळतात. नोंद कृतीची किंवा अवस्थेची असेल तर पुढे कंसात तसं लिहिलंय. पुढे पोथी, मागे पंचांग, एकाच बांधणीत. मला हा मार्ग पटतो. पण कुस्तीच्या परीक्षेत तेही पुस्तक काठावरच पास. पकडायचा नियम शोधत तू ग्रॅपलिंगच्या नोंदीवर जातोस, ती तुला निःशस्त्र प्रहाराच्या नोंदीकडे पाठवते, आणि पकडलेल्याची अवस्था तिसऱ्या नोंदीत. कोश एकच, पण फेऱ्या तीन. ज्याला 'निःशस्त्र प्रहार' हा शब्द सुचणार नाही त्यानं काय करायचं?

खरी मेख इथे आहे. पुस्तक नामांत बोलतं आणि टेबल क्रियापदांत. खेळाडू कधीच म्हणत नाही की मला निःशस्त्र प्रहार करायचाय. तो म्हणतो धरतो, ढकलतो, उडी मारतो, लपतो, गळा दाबतो, दार फोडतो. चांगल्या सूचीत हे शब्द असतात. म्हणजे सूची करणाऱ्यानं चार जणांचा खेळ बाजूला बसून ऐकलेला असतो. वाईट सूचीत फक्त पुस्तकातली शीर्षकं पुन्हा अक्षरक्रमानं लावलेली असतात. अनुक्रमणिकेचीच ती दुसरी प्रत, नवीन काही नाही. त्याहून वाईट म्हणजे एका नोंदीवर गेलास की 'अमुक पाहा' आणि तिथे गेलास की पान नंबर. अरे, पाठवतोयस तर नंबर तिथेच दे की. सरकारी कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात, तसंच. २०१४ च्या पुस्तकात हे फार आहे, शिवाय अक्षर इतकं बारीक की माझ्या वयाच्या माणसानं मोबाईलचा टॉर्च लावावा.

सूची करणं किती किचकट असतं ते मला आमच्याच पुस्तिकेनं शिकवलं. इंग्रजी नियम वाचायचा कंटाळा करणारी काही शाळकरी पोरं गटात आली, तेव्हा मी मराठीत एक छोटी नियमपुस्तिका केली. मूळ आधार एसआरडी ५.१, म्हणजे प्रकाशकानंच दिलेला मूळ नियमांचा मजकूर. ती २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुली झाली, त्यामुळे श्रेय देऊन भाषांतर करायला कुणाची हरकत नाही. मजकूर दोन महिन्यांत झाला. सूचीनं त्यानंतर तीन आठवडे खाल्ले.

पहिल्यांदा सगळे शब्द कॉम्प्युटरला दिले आणि म्हटलं लाव क्रमानं. निकाल बघून डोक्याला हात लावला. 'ॲटॅक', 'ॲक्शन', 'ॲसिड' हे सगळे 'ह'च्याही पुढे, यादीच्या पार तळाला. कारण युनिकोडमध्ये 'ॲ' हे अक्षर मागाहून घातलेलं, त्याचा नंबर सगळ्या व्यंजनांनंतर, अंकांच्याही नंतर येतो. मग लक्षात आलं की निम्मे 'अॅटॅक' मी 'अ' टाइप करून वर चंद्र देऊन केले होते. दिसायला हुबेहूब तेच, पण ते बरोबर 'अ'मध्ये बसले. एकच शब्द सूचीत दोन टोकांना! 'ळ'चं आणखी वेगळं. कॉम्प्युटर त्याला 'ल'च्या शेजारी बसवतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर. म्हणजे यंत्राच्या मते 'गळफास' आधी आणि 'गवत' नंतर. शाळेत शिकलेल्या क्रमानं उलटं. 'क्ष' यंत्र 'क'च्या घरात टाकतं, पोरं शोधतात शेवटी.

शेवटी सगळं हातानं लावलं. आणि तेव्हाच ठरवलं की सूची क्रियापदांची करायची: उडी मारणे, गळा दाबणे, झोपणे, ढकलणे, धरणे, पडणे, बुडणे, मरणे, लपणे. 'धरणे' आणि 'कुस्ती' दोन्हींपुढे एकच पान नंबर, कुठेही 'पाहा' नाही. चौथीतल्या पोरीनं 'बुडणे' वीस सेकंदांत काढून दाखवलं तेव्हा मला जे वाटलं ते अठरा वर्षांत ड्रॅगन मारूनही वाटलं नव्हतं.

मांडणीबद्दल दुसरी गोष्ट, जी दुकानात उभ्या उभ्या कळते. समोरासमोरची दोन पानं एका नजरेत येतात. नियम त्या दोन पानांत संपला तर पान उलटावं लागत नाही, आणि उलटलं नाही की बोलणं तुटत नाही. हे मनावर घेतलेलं पुस्तक म्हणजे गॅव्हिन नॉर्मन यांचं २०१९ चं ओल्ड-स्कूल इसेन्शल्स. नियम नवे नाहीतच, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच १९८१ च्या बेसिक आणि एक्सपर्ट पुस्तिकांचे आहेत. त्यांनी काय केलं तर ते पुन्हा जुळवले. एक विषय, समोरासमोरची दोन पानं, छोटी वाक्यं, ठळक शब्द, संपलं. पेटीतल्या आवृत्तीत तर पाच वेगळी पुस्तकं आहेत. मूळ नियम एकात, मंत्र दुसऱ्यात, राक्षस तिसऱ्यात, असं. मंत्रवाला आपलं पुस्तक बघतोय तोवर डीएम राक्षसांचं बघू शकतो. एका जाड ग्रंथावर सहा जण तुटून पडत नाहीत. वाचायला ते पुस्तक रुक्ष आहे, हेही सांगतो. रात्री गादीवर पडून वाचायची मजा त्यात नाही. पंचांगातही नसते.

सुटं करण्याचा हव्यास मात्र अंगाशी येतो. १९८९ मध्ये ॲडव्हान्स्डच्या दुसऱ्या आवृत्तीचे राक्षस सुट्या पानांवर आले, भोकं पाडलेली पानं आणि रिंगची फाइल. कल्पना अशी की नवी पानं येतील तशी अक्षरक्रमानं मध्ये घालायची. पण कागदाच्या दोन बाजूंना दोन वेगळे राक्षस छापलेले. नवं पान त्या दोघांच्या मध्ये कसं घालणार? शिवाय भोकं फाटायची. १९९३ मध्ये गुपचूप पुन्हा बांधीव पुस्तक काढलं. आमच्या धंद्यात हे कुणालाही विचारलं असतं तरी आधीच सांगितलं असतं की पाठपोट छपाई आणि सुटी पानं यांचं जमत नाही.

पीडीएफचं थोडक्यात. शोध मारला की सापडतं, हा भ्रम आहे. इंग्रजीत 'हाइड' शोध, लपण्याबरोबर कातड्याचं चिलखतही येईल, कारण त्याचं नावही तेच. पीडीएफमध्ये बघायचं ते बुकमार्क नीट आहेत का आणि छापील पान नंबर पीडीएफच्या नंबराशी जुळतो का. बाकी मोबाईल हातात आला की खेळाडू गेला, हे तू स्वतःच लिहिलंयस.

आता परीक्षा. पुस्तक घेण्याआधी तुमच्या टेबलावर गेल्या महिन्यात अडलेले पाच प्रश्न कागदावर लिही, तुमच्या बोलीत. 'कड्यावरून पडला', 'धरून फरफटत नेतो', 'विष प्यायला', 'दोन मंत्र एकदम चालू ठेवतो', 'मरायला टेकलाय, मित्र औषध पाजतो', असे. मग पुस्तक, किंवा प्रकाशकानं दिलेली नमुन्याची पानं, कधीही न उघडलेल्या मित्राच्या हातात दे आणि घड्याळ लाव. एका प्रश्नाला एक मिनिट. पाचांतले चार निघाले तर घे. तू स्वतः शोधू नकोस, तुला उत्तर कुठे आहे याचा अंदाज असतो आणि तू पुस्तकाला फुकटचे मार्क देशील. आणि सापडलं म्हणजे पूर्ण उत्तर सापडलं. 'तपशील पुढे' असं लिहिलेलं पान मोजायचं नाही.

तुझ्यापुरतं विचारशील तर माझं मत, नवं पुस्तक लगेच घेऊ नकोस. तुझ्याकडच्या पुस्तकाचं पंचांग करता येतं. स्टेशनरीच्या दुकानातून चिकट रंगीत पट्ट्या आण आणि सहाच लाव, तीस नकोत. तीस लावलेलं पुस्तक मोराच्या पिसाऱ्यासारखं दिसतं आणि तेवढंच उपयोगी असतं. १८३ ला एक, पडणं, गुदमरणं आणि उजेड-अंधार तिथे आहे. १९२ ला लढाईतल्या कृती. १९५ ला आपली कुस्ती. १९७ ला मरणाच्या दारातले फासे. २०३ ला मंत्रावरची एकाग्रता. २९० ला अवस्था. पट्टीवर इंग्रजी शीर्षक लिहू नकोस, तुम्ही बोलता तो शब्द लिही. मंत्र सगळ्या वर्गांचे एकाच अक्षरक्रमात आहेत, त्यामुळे जादूगारानं आपापले मंत्र घरून कार्डांवर उतरवून आणायचे. ते त्याचं काम, तुझं नाही. लपण्याची पाच पानं एकदा शांतपणे वाच, तुमच्या गटाचा निर्णय चार ओळींत लिही आणि तो कागद मागच्या कव्हरच्या आत चिकटव.

त्या कागदाखाली जागा ठेव. आमच्याकडे पद्धत अशी की एका मिनिटात नियम सापडला नाही तर डीएम ठोकून निर्णय देतो, खेळ पुढे जातो, आणि कुणीतरी तो प्रश्न कव्हरच्या आत लिहितो. सेशन संपल्यावर, मिसळीची ऑर्डर येईपर्यंत, पान शोधून पुढे नंबर टाकायचा. आमच्या जुन्या प्रतीत असे चाळीसेक प्रश्न जमलेत. त्यातले अकरा एकट्या कुस्तीचे.

२०२४ च्या पद्धतीचा कोश हवा असेल तर एसआरडी ५.२ बघ. २०२५ मध्ये तीही तशीच खुली झाली, फुकट उतरवता येते आणि कोश तिच्यात आहे. तेवढीच पानं झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल करून घे, स्पायरल टेबलावर सपाट पडतं. पण एक सांभाळ. दोन आवृत्त्यांचे नियम सारखे नाहीत. थकव्याचंच बघ, जुन्यात सहा पायऱ्यांचा तक्ता आणि प्रत्येक पायरीला वेगळा त्रास, नव्यात दर पायरीला फाशातून दोन वजा, सहावीला मात्र दोन्हीकडे मरण. तेव्हा टेबलावर एकच आवृत्ती ठेव, नाहीतर पाच पानांच्या भांडणाची दहा पानं होतील. आणि सेकंडहँड प्रत आहे म्हणतोयस तर आधी मधली पानं हलकेच ओढून बघ. शिलाई सुटली असेल तर पट्ट्या लावायच्या आधी बांधणीवाल्याकडे टाक. नंतर नेलीस तर तो कडा कापताना पट्ट्याही कापून टाकतो. माझ्या कापल्यात.